डिचोलीहून मुंबईला, एका पोटरीच्या तपासणीसाठी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी माझ्या दोन्ही पोटऱ्यांची फॉस्फरस एमआर स्पेक्ट्रोस्कोपी ही, एमआरआयच्या चुंबकात स्नायूतील ऊर्जेची रसायने मोजणारी तपासणी मुंबईतील एका संशोधन विभागात करून घेतली. तेव्हापासून डिचोली, साखळी आणि म्हापशातील निदान दहा जणांनी मला तिच्याविषयी विचारले आहे. कोणाचे वडील जुने मधुमेही आहेत, कोणाच्या मामांना बाजारापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते, आणि प्रत्येकाला एवढेच जाणून घ्यायचे असते की रात्रभराचा रेल्वेप्रवास करून जावे इतके त्या तपासणीत काही आहे का. माझे मत आधीच सांगून टाकतो. तपासणी उत्कृष्ट आहे, पण पायाची धमनी अरुंद झाली आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणी तिच्या वाटेला जाऊ नये. ते काम घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधून अर्ध्या तासात होते आणि त्यासाठी गोव्याची हद्द ओलांडावी लागत नाही.

मी ६४ वर्षांचा निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. चौदा वर्षे मधुमेह आहे आणि सिगारेट सोडून पाच वर्षे झाली आहेत, म्हणजे पायाच्या धमन्या बिघडण्यासाठी जे जे लागते त्यातले बरेचसे मी स्वतःच पुरवले होते. घरातून बाजाराकडे निघालो की एका ठरावीक अंतरावर डाव्या पोटरीत रग लागायची, पुढची वीस-पंचवीस पावले टाकेपर्यंत गोळा आल्यासारखे व्हायचे आणि थांबावेच लागायचे. ते ठिकाण नेमके औषधाच्या दुकानासमोर येत असे. दुकानदार भला माणूस. मला पाहिले की तो न मागता स्टूल पुढे करी आणि मी दरवेळी नको म्हणत असे, कारण नुसते उभे राहिले तरी तीन-चार मिनिटांत दुखणे पार निघून जाई. या नाकारलेल्या स्टुलातच निदान होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कण्यातील मज्जारज्जूची वाट अरुंद झालेल्या माणसालाही चालताना पाय दुखतात, परंतु त्याला बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय सहसा आराम पडत नाही. धमनी अरुंद झालेल्याला नुसते थांबणे पुरते.

हा फरक न विचारताच एका खासगी दवाखान्यात मला कमरेचा एमआरआय सांगितला गेला. साठी उलटलेल्या माणसाच्या कमरेच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडतेच, तसे माझ्याही सापडले, आणि पुढचे तीन महिने मी कमरेला पट्टा बांधून हिंडलो. पोटरी आपली त्याच दुकानासमोर दुखत राहिली.

अखेर पणजीतील एका रक्तवाहिनीतज्ज्ञांकडे गेलो. त्यांच्या तपासणी कक्षाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. तेथील तंत्रज्ञ मुलीने मला प्रथम दहा मिनिटे उताणे निजवून ठेवले, आणि ‘मास्तर, बोलू नका हं’ असे दोनदा बजावले. कंटाळा आला, तरी ही विश्रांती घेतल्याशिवाय केलेले मोजमाप भरवशाचे नसते, म्हणून ज्या ठिकाणी रुग्ण जिना चढून येताच पट्टा बांधतात तेथील आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. मग दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर पट्टे बांधून, पेन्सिलीएवढ्या डॉप्लर यंत्राने पावलाच्या वरच्या अंगाची आणि घोट्यामागची अशा दोन्ही धमन्यांचा आवाज ऐकत तिने दाब मोजले. घोट्यावरील जास्त आलेल्या दाबाला दंडावरील जास्त आलेल्या दाबाने भागले की एबीआय हा निर्देशांक मिळतो. तो १.०० ते १.४० असेल तर सामान्य, ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर धमनीविकार, आणि १.४० च्या वर गेला तर धमनीची भिंत चुन्याने कडक होऊन पट्ट्याला दाद देत नाही असे समजतात. माझ्या दंडाचा दाब १४८, डाव्या घोट्याचा १०६ आणि उजव्या घोट्याचा १५० आला. म्हणजे डावीकडे ०.७२ आणि उजवीकडे १.०१.

उजवा पाय सुटला म्हणून मी मनातल्या मनात हुश्श केले, पण डॉक्टरांनी तसे होऊ दिले नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांचा मधला थर कडक होतो, त्यामुळे आत विकार असूनही आकडा चांगला दिसू शकतो. पायाच्या अंगठ्याच्या बारीक धमन्या मात्र या कडकपणातून बहुधा वाचतात. म्हणून त्यांनी अंगठ्याला लहानसा पट्टा बांधून दाब घेतला. उजव्या अंगठ्याचा ९२ भरला, गुणोत्तर ०.६२, आणि ०.७० किंवा त्याखालचे गुणोत्तर सदोष मानतात. घरी कोणी मधुमेही असेल आणि कोणी केवळ घोट्याचा आकडा पाहून ‘सगळे ठीक आहे’ म्हणाले, तर अंगठ्याचे विचारल्याशिवाय तेथून उठू नये. या एका मोजणीसाठीच त्या कक्षाला अर्धा गुण जास्त द्यावा असे वाटते, परंतु त्यांच्या प्रतीक्षागृहातील दूरचित्रवाणीच्या आवाजाने तो परत घेतला आहे.

त्यानंतर ट्रेडमिल. ताशी ३.२ किलोमीटरचा वेग आणि १२ टक्के चढ, म्हणजे पणजीतल्या अल्तिनो टेकडीच्या चढणीवर पोस्टमन चालेल त्या बेताने. दोन मिनिटांनी रग लागली, पावणेचार मिनिटांना मी हात वर केला, आणि लगेच मोजलेला डावा निर्देशांक ०.४१ पर्यंत घसरला होता. सोनोग्राफीत मांडीच्या धमनीत लांबच लांब अरुंद भाग दिसला. निदान येथे पुरे झाले. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन आणि देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम असा उपचार ठरला. लगेच फुगा किंवा स्टेंट नको, असे डॉक्टरांनी सांगितले.

मग मुंबईला का गेलो? माझा भाचा तिकडे एका संशोधन विभागात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्यांना धमनीविकार असलेले, पायावर जखम नसलेले स्वयंसेवक हवे होते, आणि मला एक शंका भेडसावत होती. एबीआय ०.७२ असलेला माणूस किती चालेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. डॉक्टरांनीच मला सांगितले होते की जवळपास तेवढाच निर्देशांक असलेला एक रुग्ण दीड किलोमीटर विनासायास चालतो आणि दुसरा दोनशे मीटरवर बसतो. नळात पाणी किती येते ते समजले, पण शेताने त्याचे काय केले ते कोणी पाहिले? फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपी नेमके शेताकडे पाहते.

तिचे तत्त्व मला वर्गात शिकवायला आवडले असते. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या पेशीतल्या तयार इंधनाच्या बळावर, पण स्नायूतील एटीपीचा साठा इतका तुटपुंजा असतो की जोरदार कामात तो काही सेकंदांत संपून जाईल. तसे होत नाही, कारण शेजारी फॉस्फोक्रिएटिनचा राखीव साठा असतो आणि तो आपला फॉस्फेट देऊन एटीपी लगोलग भरून काढतो. काम थांबले की ही उसनवारी फेडावी लागते, आणि फेड जवळजवळ संपूर्णपणे तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये, ऑक्सिजन वापरून होते. म्हणून व्यायाम थांबल्यापासून फॉस्फोक्रिएटिन किती वेगाने पूर्ववत होते हे मोजले, तर ऑक्सिजन पोहोचण्याची आणि तो वापरण्याची स्नायूची एकत्रित क्षमता कळते. सुईने स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही, रंगद्रव्य टोचावे लागत नाही, क्ष-किरणांचाही संबंध नाही. निसर्गातील सगळा स्थिर फॉस्फरस ३१ या एकाच अणुभाराचा असतो आणि तो चुंबकीय क्षेत्रात संकेत देतो. प्रत्येक संयुगातील फॉस्फरस किंचित निराळ्या कंप्रतेवर बोलतो, त्यामुळे आलेखावर फॉस्फोक्रिएटिनचे एक उंच शिखर, अकार्बनी फॉस्फेटचे एक बुटके आणि एटीपीची तीन अशी पाच शिखरे वेगवेगळी उमटतात.

ही विद्या नवी नाही. ऑक्सफर्डमध्ये १९७४ साली उंदराच्या पायाच्या ताज्या स्नायूवर ती करून पाहिली गेली, आणि १९८१ साली तेथीलच जॉर्ज राडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅकआर्डल या, स्नायूतील साखरेचा साठा वापरता न येणाऱ्या जन्मजात विकाराच्या रुग्णाचा स्नायू व्यायामातही आम्ल होत नाही, हे बाहेरूनच दाखवून दिले. तरीही ती सर्वत्र मिळत नाही याचे कारण यंत्रात आहे. रुग्णालयातला नेहमीचा एमआरआय फक्त हायड्रोजनशी जुळवलेला असतो. ३ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजन सुमारे १२८ मेगाहर्ट्झवर आणि फॉस्फरस सुमारे ५२ मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे निराळी कॉइल आणि निराळा प्रवर्धक विकत घ्यावा लागतो. शिवाय फॉस्फरसचा आवाज मुळातच क्षीण. पायांच्या धमन्यांच्या नेहमीच्या निदानात या तपासणीला स्थान नाही, ती संशोधनातच वापरतात, तेव्हा कोणी एखाद्या पॅकेजात तिचे नाव घालून पैसे मागत असेल तर सावध राहावे.

आता प्रत्यक्ष अनुभव. चुंबकात पाय आधी जातात आणि डोके बाहेरच्या तोंडाशी राहते, त्यामुळे बंद जागेची भीती असलेल्यांनाही हे जमावे. डाव्या पोटरीखाली बशीएवढी कॉइल पट्ट्यांनी घट्ट बांधली, पावलाखाली लाकूड आणि रबराचे पेडल दिले, कारण तेथे लोखंडाचा खिळाही चालत नाही. चित्रे काढणाऱ्या एमआरआयचा तो सुप्रसिद्ध खडखडाट सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच होता; नंतर दर काही सेकंदांनी हलकासा टकटक आवाज येत राहिला. दोन मिनिटे निश्चल, मग ठेक्यावर पेडल दाबायचे, शिलाई यंत्राचा पायटा चालवावा तसे, आणि पोटरीने नकार दिला की थांबून आठ मिनिटे पाय तसूभरही न हलवता पडून राहायचे. शेवटची अट सर्वांत कठीण आहे. पोटरीत गोळा आलेला असताना पाय झटकावासा वाटतो, आणि झटकला की मोजणी वाया जाते. माझी पहिली फेरी अशीच वाया गेली. नियंत्रण कक्षातून ‘काका, पुन्हा करू या’ असा आवाज आला, आणि त्यात त्रागा नव्हता याची मी कृतज्ञतेने नोंद करतो.

बाहेर आल्यावर त्यांनी मला आलेख दाखवले, आणि येथे या सेवेचा खरा दर्जा कळला. फॉस्फोक्रिएटिनचे शिखर व्यायामात निम्म्यावर आले होते आणि अकार्बनी फॉस्फेटचे तेवढेच वर चढले होते. विश्रांतीत शिखर ज्या वळणाने परत चढते त्याचा कालांक काढतात, म्हणजे घटलेल्या साठ्यापैकी ६३ टक्के भरून यायला लागणारा वेळ. संधारित्राच्या भारणाचा आलेख मी तीस वर्षे फळ्यावर काढला. तोच आलेख स्वतःच्या पोटरीतून निघालेला पाहताना मजा वाटली हे लपवत नाही. निरोगी माणसात हा काळ साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. माझ्या उजव्या पायाचा ४८ सेकंद आला आणि डाव्याचा ८३.

मी लगेच डाव्या-उजव्याची तुलना करू लागलो, तेव्हा तेथील संशोधक बाईंनी मला थांबवले. स्नायू आम्ल झाला असेल तर फॉस्फोक्रिएटिनची भरपाई त्या आम्लतेमुळेच मंदावते, मग मंदपणा रक्ताचा, तंतुकणिकांचा की आम्लाचा हे सांगता येत नाही. आम्लता त्याच आलेखातून वाचता येते, कारण अकार्बनी फॉस्फेटचे शिखर फॉस्फोक्रिएटिनपासून किती दूर उभे आहे यावर सामू कळतो. विश्रांतीत माझा सामू ७.०४ होता, व्यायामाअखेर उजवीकडे ६.९६ आणि डावीकडे ६.८१. म्हणून त्यांनी डाव्या पायाची आणखी एक फेरी हलक्या जोराने घेतली, सामू फारसा घसरू न देता, आणि त्या फेरीत कालांक ७१ सेकंद भरला. माझ्या मते हाच या भेटीतला सर्वांत मोलाचा आकडा. जेथे केवळ एक कालांक हातात ठेवतात आणि सामूचा उल्लेखही करत नाहीत, तेथील निकालाचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

उजव्या पायाचे ४८ सेकंद मात्र मला जास्त अस्वस्थ करून गेले. तो पाय दुखत नाही, त्याचा घोटा-निर्देशांक १.०१ आहे, आणि तरी त्याची उसनवारी सावकाश फिटते. अंगठ्याच्या ०.६२ शी हे जुळते खरे, पण चौदा वर्षांचा मधुमेह आणि वर्षभर टाळलेले चालणे या दोन्हींनीही स्नायूची क्षमता घटते. कोणाचा वाटा किती, हे या एका तपासणीतून वेगळे काढता येत नाही. ती पुरवठा आणि वापर यांची बेरीज सांगते, वजाबाकी नाही. धमनीविकाराच्या अभ्यासात हेच पुन्हापुन्हा पुढे आले आहे, की रक्तप्रवाहाचे आकडे आणि स्नायूच्या चयापचयाचे आकडे एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून चालत नाहीत. वारंवार रक्ताविना राहिलेल्या स्नायूतल्या तंतुकणिका स्वतःही बिघडतात. नियमित चालण्याच्या व्यायामाने चालण्याचे अंतर वाढते पण एबीआय फारसा हलत नाही, हे कोडेही मग तितकेसे कोडे राहत नाही.

पणजीच्या डॉक्टरांना मी आलेख नेऊन दाखवला. त्यांनी तो आस्थेने पाहिला आणि औषधांत काहीही बदल केला नाही, हे योग्यच झाले. आठवड्यातून तीन वेळा, दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, विश्रांती धरून पाऊण तास आणि निदान बारा आठवडे, हा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. फरक पडला तो माझ्यात. पूर्वी पोटरी दुखली की पायाचे नुकसान होत आहे असे वाटून मी चालणे टाळत असे. पडद्यावर शिखर परत वर चढताना पाहिल्यापासून ती भीती गेली. मिरामारच्या किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूवरून मी आता तास लावून चालतो, आणि भुसभुशीत वाळूत शिरत नाही.

तक्रारीही आहेत. संमतिपत्र अकरा पानांचे आणि केवळ इंग्रजीत होते. भाचा नसता तर मी कशावर सही केली हे मला नीट कळले नसते, आणि मुंबईसारख्या शहरात मराठी प्रत नसणे अक्षम्य आहे. सकाळी दहाची वेळ देऊन आत घेतले ते दुपारी पाऊण वाजता, तोवर मधुमेही माणसाने खायचे की नाही याचे उत्तर तीन जणांनी तीन प्रकारे दिले. शेवटी हातात पडलेला कागद म्हणजे दोन आलेख आणि ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का. ज्या समजावणीचे मी वर कौतुक केले ती तोंडी होती आणि मी प्रश्न विचारत बसलो म्हणून मिळाली. न विचारणाऱ्याला ती मिळाली नसती. चालताना ज्यांचे पाय दुखतात अशाच लोकांना बोलावणारा विभाग दुसऱ्या मजल्यावरील नोंदणी कक्षातून का सुरू होतो, हेही त्यांना मी विचारले. लिफ्ट होती, बंद होती.

तेव्हा कोणी जावे? चालताना पोटरी दुखते आणि अजून एबीआय झालेला नाही अशा कोणीही नाही. त्यांनी आधी घोटा आणि अंगठा मोजून घ्यावा. पायावर न भरणारी जखम आहे किंवा रात्री निजल्यावरही पाऊल ठणकते, त्यांनी तर या लेखात वेळ न घालवता रक्तवाहिनीतज्ज्ञ गाठावा. हृदयात पेसमेकर किंवा मेंदूत जुनी क्लिप असेल तर चुंबकाजवळ जाण्यापूर्वी तिची सर्व कागदपत्रे दाखवावी लागतात. निदान झाले आहे, प्रकृती स्थिर आहे, जिज्ञासा आहे आणि संशोधनाला आपला पाय उपयोगी पडावा असे वाटते, त्यांनी अवश्य जावे; माझ्याकडून शुल्क घेतले नाही, प्रवासखर्च मात्र माझाच होता. पोटरीवर प्रकाशाचा छोटा संवेदक चिकटवून स्नायूतील ऑक्सिजन मोजण्याची एक पद्धतही आहे, ती निअर-इन्फ्रारेड. तिच्यात रासायनिक तपशील मिळत नाही, पण ती ट्रेडमिलवर चालतानाही वापरता येते आणि खर्च कितीतरी कमी येतो. गोव्यातील एखाद्या कक्षाने काही नवे आणायचेच ठरवले, तर मी आधी तिची शिफारस करीन.

व्यायामाचे बारा आठवडे पुरे झाल्यावर विभागाने दुसऱ्या मोजणीसाठी बोलावले आहे. थिवीहून तिकीट काढले आहे, आणि या वेळी लिफ्ट चालू आहे का हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचे भाच्याने कबूल केले आहे.